शेवटचा होकार

नांदुऱ्याच्या खासगी कापूस बाजारात सकलैनचं काम सांगायला सोपं, करायला डोकं उठवणारं. गाडीचा सौदा ठरला की त्याचं मशीन तिघांना 'तयार का?' विचारायचं: फाटकावरच्या मशीनला, वजनकाट्यावरच्या आणि गावाबाहेरच्या जिनिंगमधल्या. तिघांनी हो म्हटलं की शेवटचा होकार सकलैनच्या मशीनचा, मग सौदा पक्का. एकानेही नाही म्हटलं तर सगळीकडेच रद्द. आणि एकदा हो म्हटलेल्याने शेवटचा शब्द येईपर्यंत गुमान थांबायचं. आता शब्द देणारंच मशीन आडवं पडलं तर? तर बसा बोंबलत! गाड्या फाटकाच्या आत अडकायच्या आणि शिव्या खायला सकलैन होताच.

बोंडअळीच्या साली पुष्पाबाईंची गाडी अशीच अडकली. बाई जळगाव जामोदकडच्या, एकट्याने शेती करणाऱ्या. निम्मी बोंडं अळीने खाल्ली होती, उरलेला कापूस वेचून आणलेला. तिन्ही होकार आले आणि सकलैनचं मशीन बसलं. शेवटचा शब्द जिनिंगपर्यंत गेला की नाही, कोणालाच ठाऊक नाही. तिकडचा फोनही लागेना. वर आभाळ भरून आलेलं, गाडीवर धड ताडपत्री नाही. बाईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता. सकलैनला त्यांची कीव आली आणि तिथंच त्याने माती खाल्ली. फाटकावर जाऊन त्याने आपल्या मनाने सौदा रद्द केला, गाडी सोडली. बाईंनी कापूस पलीकडच्या व्यापाऱ्याला घातला.

मशीन आणि फोन पुन्हा सुरू झाले तेव्हा कळलं, शब्द जिनिंगला पोचला होता. तिथं सौदा पक्का, माल मात्र दुसऱ्याच्या घरात. एकच कापूस दोघांना विकला म्हणून बाजाराने बाईंना हंगामभर फाटकाबाहेर ठेवलं. रद्द मी केलं, असं सकलैन घसा कोरडा होईस्तोवर सांगत राहिला. बाजाराचा मालक ऐकतो कशाला?

जाताना बाईंनी त्याला एवढंच विचारलं, "मी का चोर आहो का, बाबू?"

त्या प्रश्नाने सकलैनची झोप उडवली. हंगामामागून हंगाम त्याने मालकाच्या मागे लागून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे त्याच्या मशीनच्या जोडीला आणखी दोन मशीनं मिळाली. आता शेवटचा शब्द या तिन्ही मशीनांत ठरायचा; दोघांकडे नोंदला गेला की पक्का, आणि एक मेलं तरी उरलेली दोन गाडा पुढे रेटायची. तोवर सकलैन पुरता थकला होता. चष्म्याचा नंबर वाढला, बोलणं कमी झालं.

यंदा पुष्पाबाई पुन्हा आल्या. त्यांच्याच गाडीच्या वेळी सकलैनचं मशीन बंद पडलं. पण उरलेल्या दोघांनी सौदा पुरा केला, कापूस जिनिंगला उतरला, कोणी कोणाला हाकही मारली नाही. सकलैन धावत फाटकाशी गेला आणि मशीन बंद होतं तरी काम झालं, असं त्यांना सांगू लागला.

बाईंनी पदर सारखा केला. "मंजे यंदा तुह्या हातात काईच नव्हतं न, बाबू?"

"हाव," सकलैन म्हणाला.

"मंग बरं झालं," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.