वहिनीच्या खुब्यातला गोळा

तुम्हाला सांगतोय, पण हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. सांगायला निघालो की विषय दुसरीकडेच नेत आलो — इतकी वर्षं.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा सुमार. पुण्यात एका इस्पितळात मी ऑपरेशनच्या खोलीत मदतनीस होतो. आमचं घर मुळशीतल्या माले गावात. तिथे थोरला भाऊ आणि वहिनी शेती बघत. लग्नानंतर चार वर्षं माझी बायको त्यांच्याकडेच राबली. पुण्यात खोली मिळाली तेव्हा कुठे आम्ही एकत्र राहायला लागलो. त्याला जेमतेम पाच महिने झाले होते.

त्या वर्षी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असताना वहिनी बांधावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मीच तिला पुण्याला आणलं. डॉक्टरांनी मोडका भाग काढून तिथे दांडा असलेला प्लॅस्टिकचा गोळा बसवला — दातांची कवळी करतात ना, त्याच जातीचा माल. गुळगुळीत, देखणा. मीच तो त्यांच्या हाती दिला होता.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हा गोळा झिजतो. आधी बसवले त्यातले दोन सैल झाले, एकाचा तर दांडाच तुटला. तेव्हा डोक्यावर ओझं नको, चिखलात वाकून काम नको, दर सहा महिन्यांनी एक्स-रे. तुमच्या बोलीत तिला नीट समजावून सांग.

मी गेलो. वहिनी खाटेवर बसली होती, भाऊ शेजारी उभा. तिनंच विचारलं, "भावजी, ह्यो गोळा किती दिस टिकंल?"

काय झालं मला तेव्हा? घाबरलो? गोंधळलो? — नाही. मला चांगलं ठाऊक आहे काय झालं ते. हिला काम जमणार नाही म्हटलं, की भाऊ म्हणणार, मग धाकटीला पाठव. माझ्या डोळ्यांपुढे माझी खोली आली. मी म्हणालो, "जलमभर टिकतोय. बिनघोर काम कर."

डॉक्टरांना मात्र सांगितलं, तिला सगळं समजावलं म्हणून. पुढे त्यांनी विचारलं, ती तपासणीला का येत नाही? ऐकतच नाही, म्हणालो. तेही तिच्याच माथी मारलं.

दोन आवण्या तिनं केल्या. तिसऱ्या वर्षी पाय टेकवेना. पुन्हा ऑपरेशन झालं. गोळा एका बाजूनं घासून चपटा झाला होता, भोवतालचं हाडही खाल्लं गेलं होतं. तो नुसता काढून टाकावा लागला. पाय तीन बोटं आखूड झाला.

हे कळल्याबरोबर माझ्या बायकोनं स्वतःहून ट्रंक भरली आणि मालेला गेली. मला काही म्हणायची वेळच आली नाही. — आधीही अशीच गेली असती का? गेलीही असती. मी तिला विचारलंच कुठे होतं?

वहिनी मात्र मला म्हणाली, "तुमी लई केलं माज्यासाटी. माजंच हाड खोटं निगालं."

काठी टेकत ती पुढं बरीच वर्षं जगली. पायाचं कुणी विचारलं की हेच सांगायची. कितीदा तरी मी शेजारीच बसलेलो असायचो. ऐकून घ्यायचो.