खिशातून पडलेला चाकू

काल कल्याणच्या मॉलच्या दारात वॉचमनने माझा घडीचा चाकू काढून ठेवला. म्हणाला, "काका, या वयात कुणाला मारणार?" मी वायरमन, चाकू रोज लागतो. पण आत गेल्यावर हात सारखा रिकाम्या खिशात जात होता, बायको काय दाखवतेय तेच कळेना.

लग्नाआधी टिटवाळ्यालाही या चाकूने असाच घोळ घातलेला. मी हिलाच बघायला गेलेलो. अंगावर अर्धी बाटली अत्तर, हातात पोह्यांची बशी. घाम पुसायला रुमाल ओढला, तर चाकूपण बाहेर आला आणि खणकन हिच्या पायाशी पडला. हिच्या वडिलांनी हिला हाताने मागे सारलं.

"हे काय घेऊन फिरता?"

माझी अक्कल बघा. मी म्हणालो, "घाबरू नका, अजून कुणाला मारलं नाय."

माझ्या आईने कपाळाला हात लावला. वायर कशी सोलतो ते दाखवायला तिथे वायर नव्हती, म्हणून मी घाईत समोरचा पेरू उचलला आणि स्वतःचंच बोट कापलं.

ही हळद घेऊन आली. बोटावर दाबत म्हणाली, "बाबा, यांना पेरू कापता येत नाय, माणूस काय कापतील!"

लग्न जमलं. हा किस्सा मी सगळ्यांना हसून सांगतो. पण आता आमची पोरगी लग्नाची झालीय, आणि मला हिला मागे सारणारा तो सासऱ्यांचा हातच दिसत राहतो. मी त्यांच्या जागी असतो, तर मला बशीसकट घराबाहेर काढलं असतं.