मास्तरांच्या शॉकपवरची कडी

त्या शनिवारी मास्तर आले नाहीत तेव्हा मी आधी चिडलोच. परंड्याच्या स्टँडमागं माझं सायकलीचं दुकान. दर शनिवारी नऊच्या ठोक्याला घोडके मास्तर आपली गेअरची सायकल घेऊन हजर, हा आठ वर्षांचा शिरस्ता. दोन चहा सांगून ठेवले होते. ते घेऊन आलेला हॉटेलवालाच म्हणाला, "रशीदभाई, मास्तर पहाटं गेले. झोपेतच." दोन्ही कप तसेच निवले.

मास्तर रिटायर झाले तेव्हा पुण्याच्या लेकीनं स्वतःची सायकल त्यांना दिली. पुढच्या चाकाला शॉकप, खड्ड्यात दबणारे. मास्तर रोज सोनारीपर्यंत जाऊन यायचे, आणि माणूस लई घामाचा. घाम ठिबकायचा तो थेट शॉकपच्या चकचकीत नळ्यांवर. गंजाचे ठिपके यायचे. मग शनिवारी आम्ही दोघं बसायचो. चांदीच्या कागदाचा बोळा तेलात बुडवून हलक्या हातानं घासलं की गंज काळा होऊन निघतो. "जोर नको मास्तर, फळा पुसताय काय?" मी ओरडायचो. ते हसायचे. "असला हेडमास्तर मला नोकरीत भेटला न्हाय बघा."

आता पुढचं लिहायला हात कचरतोय, पण लिहितो. एका पावसाळ्यात गंजानं नळीला बारीक खड्डे पाडले. ते भरून गुळगुळीत करायला वेळ लागतो, आणि मला लग्नाला जायची घाई. मी वरून रुपेरी रंग मारला आणि सायकल देऊन टाकली. हयात या धंद्यात गेली, आणि ही नादानी! महिन्यात रंगाचे पापुद्रे सुटले, त्यांनी आतलं रबरी सील फाडलं, तेल गळायला लागलं. मास्तर ओशाळून म्हणाले, "माझाच घाम खारट, रशीदभाई. तुम्ही तरी काय करणार..." आणि मी गप्प बसलो. सील नवीन टाकलं, नळी नीट केली, पण तोंड उघडलं नाही. तेव्हापासून तो भला माणूस प्रत्येक चढ संपला की उतरायचा आणि भर उन्हात रुमालानं नळ्या पुसायचा. शेवटपर्यंत.

पंधरवड्यानं मास्तरांच्या घरच्या, वहिनी, सायकल सोडून गेल्या. "लेक न्यायला येईस्तोवर ठेवा. घरात बघवत न्हाय." मी ती आतल्या भिंतीला टेकवली. तिच्या एका नळीवर रबराची बारीक कडी आहे. माणूस बसला, नळी दबली, की कडी वर सरकते आणि माणूस उतरला तरी तिथंच राहते. जेवढं वजन, तेवढी वर. मी कडी खाली सारली, कुलूप लावलं. सकाळी बघतो तर कडी चार बोटं वर. मास्तर बसले की ती बरोबर तिथंच यायची.

आपलाच हात लागला असंल म्हणून पुन्हा खाली सारली. दुसऱ्या सकाळी वर. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. तिसऱ्या सकाळी पुन्हा वर, म्हणून वाकून नीट बघितलं. हवा दमट, दुकानातले पाने-पकडी तांबूस पडलेले. या नळ्या तेवढ्या आत्ताच कुणी पुसल्यासारख्या कोरड्या, लखलखीत. महिनाभर हेच. शेवटी बायकोला सांगितलं. ती ओढणी सावरत म्हणाली, "त्यांचं काही तुमच्याकडं राहिलंय का?"

राहिलं होतं.

शुक्रवारी दुकान बंद करताना सायकलीसमोर उभा राहिलो. कुणी नव्हतं, तरी लाज वाटली. "मास्तर, सील तुमच्या घामानं नव्हतं फाटलं. रंग मी मारला होता. माफ करा. आता उतरून पुसत बसू नका."

शनिवारी कडी खालीच होती, ठेवली तिथंच. सुटलो एकदाचा, असं वाटलं. चहा सांगितला, सवयीनं दोन. आठवड्याभरात नळीवर पहिला तांबडा ठिपका आला. चांदीचा कागद तेलात बुडवला, पण घासवेना. अजूनही रोज संध्याकाळी मी कडी तळाला सारतो, आणि सकाळी शटर वर केलं की आधी तिच्याकडं बघतो. या अल्ला, एकदा तरी वर दिसू दे.