कापऱ्या बोटाचा फोन

मिलिंद सोनवणे माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा त्याने भाव केला नाही, आणि मला त्याचा रागच आला. भांडुप स्टेशनबाहेर फळीवर फोनची कव्हरं मांडून मी धंद्याला सुरुवात केली. आज जुन्या फोनचं माझं स्वतःचं दुकान आहे. एवढ्या वर्षांत एक कळलं आहे, की जो घासाघीस करतो त्याला वस्तू खरोखर हवी असते. सांगितलेली किंमत मुकाट देणारा एक तर चोर असतो, नाही तर वेडा. हा माणूस काउंटरखालच्या खोक्यापाशी उकिडवा बसला. बंद पडलेले, कंपनीने वाऱ्यावर सोडलेले फोन मी सुट्या भागांसाठी त्यात टाकून ठेवतो. त्यातला एक उचलून त्याने त्याच्या कडा बोटाने चाचपल्या आणि म्हणाला, "हा द्या." मी तोंडाला आली ती किंमत सांगितली. त्याने लगेच पाकीट काढलं.

"अहो थांबा, चालत नाही तो."

"माहितीये."

"मग निम्म्यात मागा की!"

"तुम्ही एकदा सांगितलंत ना," तो म्हणाला, "मग परत कशाला दमवायचं तुम्हाला?"

पुढच्या शनिवारी तो तोच फोन घेऊन आला, चालू करून. आत सगळं वेगळंच होतं. नेहमीची चित्रं नाहीत, नेहमीच्या जाहिराती नाहीत. त्याने सांगितलं की ही लिनक्सवर चालणारी प्रणाली आहे, जगभरातले लोक मिळून बनवतात, कुणा एकाच्या मालकीची नाही. त्यावर चालणारी ॲप्स तो लिहायचा. दिवसा एका कंपनीत बँकांसाठी ॲप्स लिहायचा, ती पोटासाठी. ही मात्र स्वतःसाठी. मी म्हटलं, हा फोन मेला होता, तुम्ही जिवंत केलात. तेव्हा तो त्याचं ते वाक्य बोलला, जे पुढे मी शंभर वेळा ऐकलं असेल : "मेलेला नव्हता. सोडून दिलेला होता."

तो मूळचा नांदेडचा. आई तिकडेच, हा नाहूरला भाड्याच्या खोलीत एकटा. दर शनिवारी खोक्यापाशी बसायचा. महिनाभरात 'अहो-जाहो' संपून आम्ही अरे-तुरेवर आलो आणि मी 'नंदूशेठ'चा 'नंद्या' झालो. मी एखाद्या गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत असलो की हा खाली मान घालून हसायचा. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायचा, "नंद्या, तू स्वतःच्या तिरडीच्या बांबूचा पण भाव करशील." मी म्हणायचो, "करीन. आणि तू तुझ्या तिरडीवाल्याला वर टिप देशील."

माझे बाबा मालवणकडचे, जन्मभर गिरणीत राबलेले. म्हातारपणी त्यांचे हात कापायला लागले. बाकी सगळं ते कसंबसं करायचे, पण फोन त्यांच्या हातून सुटला. गावी असलेल्या माझ्या आत्याशी रोज दुपारी बोलणं हा त्यांचा एकच नेम. आत्याच्या फोटोवर बोट ठेवायला जायचे आणि फोन लागायचा गॅसवाल्याला. मी घरात नसलो की फोन लावून द्यायला कुणी नसायचं, आणि शेजारणीला सांगायची त्यांना लाज वाटायची. "माझो हात माझा ऐकना नाय," असं म्हणून त्यांनी फोन कपाटात ठेवून दिला. मी हे मिलिंदला सहज बोललो. त्याच संध्याकाळी तो घरी आला.

नेहमीच्या फोनातले सगळे पर्याय त्याने आधी लावून पाहिले. बाबांच्या हाताला एकही पुरेना. "याच्यात कंपनीवाले जास्त आत शिरू देत नाहीत," तो म्हणाला आणि पिशवीतून खोक्यातलाच एक फोन काढला. बाबांना म्हणाला, "बाबा, नुसतं बोट ठेवा. कुठेही. कापू दे." बाबांचं बोट पडद्यावर थरथरलं आणि तिथे ठिपक्यांचा एक पुंजका उमटला. मिलिंद तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "बोट कुठे पडलं ते नाही बघायचं, नंद्या. कुठे पडायचं होतं ते बघायचं."

नंतरचे काही महिने तो कापऱ्या बोटाने चालेल असं ॲप लिहिण्यामागेच लागला होता. त्याचे स्वतःचे हात कापत नव्हते, ही त्याची मोठी अडचण. दर वेळी बाबांना कसं दमवायचं? त्याने उपाय काढला तो रिक्षाचा. मेट्रोसाठी रस्ता खणून ठेवलेला होता. हा नाहूरहून रिक्षा करायचा, मागे बसून खड्ड्यांतून जाताना त्या ॲपवर फोन लावायचा प्रयत्न करायचा. एकदा मला सोबत नेलं. रिक्षावाल्याने विचारलं, "साहेब, उतरायचं कुठे?"

"खड्डे संपतील तिथे."

"मग ठाण्याच्या पुढे पण जावं लागेल," रिक्षावाला म्हणाला. "गॅस भरून घेऊ का?"

माझं डोकं दोनदा वरच्या दांड्यावर आपटलं. मिलिंदचं बोट मात्र बरोबर आत्याच्या फोटोवर पडलं आणि मालवणात फोन वाजला. आत्याला वाटलं बाबांनीच लावला. हा म्हणाला, "नाही हो आत्या, उद्यापासून लावतील."

आणि लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी एकट्याने फोन लावला, आत्याशी भांडले, कोकमं अजून का धाडली नाहीत म्हणून. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. चौदा एप्रिलला मिलिंद खिरीचा डबा घेऊन आला तेव्हा बाबांनी त्याला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, "झिला, आता माझो हात तुझा ऐकता."

आता माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात काय येणार? बाबांसारखे हात कापणारे घरोघरी आहेत. जुना फोन माझा, ॲप त्याचं. घाटकोपरला काठ्या, चाकाच्या खुर्च्या विकणारे एक मेहता शेठ आहेत, त्यांना मी गाठलं. तो माणूस भाव पाडण्यात माझा बाप. तरी त्याला मी वाकवला. त्याची अट एकच होती, ही वस्तू त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे असता कामा नये. मी छाती ठोकून हो म्हटलं. बोलणी पक्की झाली, चहा आला. तेवढ्यात शेठचा भाचा आपल्या फोनवरून मान वर करून म्हणाला, "मामा, हे तर इथे फुकट आहे. ते ज्यातून बनलंय तो आतला सगळा कोडसुद्धा."

मेहता शेठ रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. कप खाली ठेवून गोड आवाजात म्हणाले, "नंदूभाई, रस्त्यावर ठेवलेली वस्तू तुम्ही मला माझ्याच गल्लीत बसून विकता?"

तिथून मी तडक नाहूरला गेलो. मिलिंद दार उघडून हसला आणि माझा चेहरा बघून थांबला.

"तू ते सगळ्यांना वाटून टाकलंस?"

"टाकलं नाही. पहिल्या दिवसापासून उघडंच आहे. असंच करतात हे काम. अर्धं मी लोकांचंच घेतलंय, नंद्या. त्यांनी पैसे नाही मागितले. एवढंच म्हणाले, तू पण पुढे उघडं ठेव."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस. आणि विक ना तू, तुला कोण अडवतंय? फक्त दुसऱ्याला अडवू नकोस." मग म्हणाला, "आमच्या वस्तीतल्या वाचनालयात कपाटाला कुलूप नव्हतं म्हणून मी शिकलो रे. मी कुलूप कसं लावू?"

वाक्य चांगलं आहे. मला तेव्हाही कळलं होतं. पण मीही फळीवरून वर आलेला माणूस आहे, आणि व्यवहारात अट आधी सांगतात. त्याने त्या लोकांची अट पाळली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला सांगितली नाही, त्याबद्दल आहे. तेव्हा होतं आणि आजही आहे. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो एका शब्दाने उलटून बोलला नाही. भांडणातही भाव करायचा नाही, असा तो माणूस.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. नंतर कळलं की आईचं दुखणं वाढलं, कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली आणि खोली सोडून तो नांदेडला गेला. जाण्याआधी बाबांना भेटून गेला, नेमकी मी दुकानात असेन ती वेळ साधून. बाबांनी सांगितलं तेव्हा मी नुसतं 'हं' म्हटलं.

दुकान चालूच आहे. खोक्यात एखादा चांगला, मजबूत कडांचा फोन आला की माझा हात आपोआप तो बाजूला काढून ठेवतो. एक खण भरलाय अशा फोननी. विकतही नाही, फोडतही नाही. शनिवारी दिवसभर गिऱ्हाइकं भावासाठी माझं डोकं खातात, आणि खाली मान घालून हसणारं कुणी नसतं.

गेल्या वर्षी बाबांचा हात आणखी बिघडला. आता बोट पडद्यावर टेकायचंच नाही, निसटून जायचं. त्या ॲपलाही पत्ता लागेना. आत्याचा फोन पुन्हा बंद झाला आणि बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. मिलिंदने मला एकदा इंटरनेटवरचं एक पान दाखवलं होतं. ॲपमध्ये काही बिघडलं तर कुणीही तिथे लिहायचं, सगळ्यांना दिसतं. मी तिथे लिहिलं. मराठीतच लिहिलं, कारण दुसऱ्या कुणी वाचावं अशी माझी इच्छाच नव्हती : 'बाबांचा हात जास्त कापतो. बोट टेकत नाही. फोन लागत नाही. एकदा येऊन बघ.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्याचं नव्हतं. कुठल्या तरी थंड देशातल्या एका बाईचं, यंत्राकडून मराठी करून घेतलेलं : 'प्रिय मित्र, आपल्या वडिलांच्या हाताला माझा आदरपूर्वक नमस्कार.' तिच्या नवऱ्याचेही हात असेच होते म्हणे. तिने बाबांच्या हाताचं चित्रीकरण मागितलं, मी पाठवलं. काही दिवसांनी तिने ॲप सुधारून दिलं. मी ते बाबांच्या फोनवर घातलं आणि ते चाललं. एका पैशाचं बोलणं नाही, ओळख नाही, पाळख नाही. काम चोख झालं होतं. पण मला ॲपची दुरुस्ती हवी होती असं कुणी सांगितलं? ती कुणीही केली असती. मला तो आमच्या जिन्याने वर यायला हवा होता.

फोन सुरू झाल्यावर बाबांनी आत्याला लावला, मनसोक्त बोलले. मग मला न विचारता आणखी एक फोन लावला. त्यांना फोन कानाशी धरवत नाही, मोठ्या आवाजावर ठेवतात. मी गॅलरीत होतो. आतून तो आवाज आला.

"बाबा! हात कसा आहे?"

"हात तसोच. फोन बरो झालो."

"बघितलं मी. मी लिहायला बसेपर्यंत त्या बाईंनी करून टाकलं." मग, "नंदू आहे का घरात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून 'नाही' म्हटलं.

"हयच आसा," बाबा फोनला म्हणाले. "पण तो रागावलोहा."

"अजून?" मिलिंद म्हणाला आणि हसला. खाली मान घालून हसला असणार.

मी गॅलरीतून आत आलो, बाबांच्या पलंगापाशी जमिनीवर बसलो, फोनपासून हातभर अंतरावर. ते दोघं नांदेडच्या उन्हाबद्दल, त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिले. तो फोन ठेवेपर्यंत मी तिथून उठलो नाही.