बॉबिन आणि कांबळे साहेबांचं तळं

एकतीस वर्षं मी पहिलीचा वर्ग सांभाळला आहे. त्यामुळे 'तळ्यात जायचं नाही' एवढी एक गोष्ट एका कुत्र्याला शिकवायला दोन दिवस पुष्कळ झाले, असं मी सोसायटीच्या मिटिंगमध्ये उभी राहून सांगितलं. मला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

ही वेळ का आली, ते आधी सांगते.

चिंचपोकळीची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, तेव्हा बिल्डरने पार्किंगच्या छतावर माती टाकून एक बाग करून दिली. बागेच्या मधोमध कारंजं होतं. ते उद्घाटनाच्या दिवशी अर्धा तास उडालं आणि मग त्याने जी मान टाकली ती कायमची. वर्षभर त्यात पाणी साचून डास झाले. शेवटी आमचे सेक्रेटरी कांबळे साहेब पुढे आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ते कारंजं स्वतः साफ केलं, तळाशी चिखल घातला, गप्पी मासे सोडले आणि कमळाचे कंद लावले. दोन वर्षांत गुडघाभर पाण्याचं देखणं तळं झालं. कांबळे साहेब रोज सकाळी त्याच्या काठावर बसून पेपर वाचत. म्हणजे पेपर हातात असे, नजर कमळांवर.

आता आमच्या घराबद्दल. माझे सासरे अण्णा, वय वर्षं ब्याऐंशी, मूळचे मालवणकडचे, उभा जन्म गिरणीत गेलेला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी "रोज चाला" म्हणून बजावलं, आणि अण्णांनी चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची टाकली ती टाकलीच. "खालती माझा काय आसा?" एवढंच म्हणायचे. मी समजावलं, नवऱ्याने, म्हणजे सुहासने, विनवलं, डॉक्टरांनी भीती घातली. खुर्ची हलली नाही. मग आमच्या मुलीने कुठूनसं कुत्र्याचं एक पिल्लू उचलून आणलं आणि तीन महिन्यांनी बंगळुरूला नोकरी लागली म्हणून आमच्याकडे टाकून ती निघून गेली. ते घरभर गडगडत फिरायचं. अण्णांनी त्याचं नाव बॉबिन ठेवलं, गिरणीत सूत गुंडाळायचं लाकडी रीळ असतं ना, तसं. मी आणि सुहास दिवसभर बाहेर. त्याला फिरवणार कोण? अण्णा उठले. दोन महिन्यांत ते बागेत रोज दहा फेऱ्या मारायला लागले. डॉक्टरांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं. (मी नाही म्हटलं नाही.)

एप्रिलच्या शेवटी मला सुट्टी लागली. आता संध्याकाळी बॉबिनला मी नेणार, असं मी जाहीर केलं. पहिल्याच संध्याकाळी, अण्णा बाकावर बसले होते, हवा नुसती उकडत होती, मुका जीव तापलाय म्हणून मी त्याचा पट्टा सोडला. पुढच्या क्षणी धप्प असा आवाज आला. मिनिटभराने बॉबिन नखशिखांत चिखलाचा होऊन बाहेर आला, आणि तोंडातली कमळाची कळी त्याने अण्णांच्या पायाशी ठेवली.

"बघ गो नीता," अण्णा भारावून म्हणाले, "माझ्यासाठी फूल हाडल्यान."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात कांबळे साहेब. हातात स्टीलची ताटली, ताटलीत बाकापाशी राहिलेली ती कळी.

"मॅडम, ही कळी नऊ दिवसांची होती," ते म्हणाले. "सात होत्या. आता सहा आहेत. बुद्धपौर्णिमेला उमलतील असा माझा अंदाज होता."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या पालकांना कसं हाताळायचं ते मला ठाऊक आहे.

रविवारी मिटिंग झाली. कुत्र्यांना बागेत बंदी करावी, असं कोणीतरी सुचवलं. अण्णा मागच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाले, "मग मी पण येवचंय नाय खाली." सुहासने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकीतली खुर्ची आली. आणि मी उभी राहिले, एकतीस वर्षं वगैरे बोलले, दोन दिवस मागितले.

"घाई नको मॅडम," कांबळे साहेब म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत घ्या."

शिकवणीच्या पहिल्या संध्याकाळी मी माझा वर्गातला आवाज काढला. बॉबिनला तळ्यासमोर बसवलं, बोट उगारलं आणि म्हटलं, "हाताची घडी, तोंडावर बोट." बागेत खेळणारी सहा मुलं जागच्या जागी मांडी घालून बसली. घसरगुंडीवरचं एक अर्ध्यात थांबलं. बॉबिनने माझं बोलणं शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं आणि उडी मारली.

मग मोबाइलवर वाचलं की कुत्र्यांना लिंबाचा वास सहन होत नाही. मी डझनभर लिंबं आणली, अर्धी अर्धी चिरली आणि तळ्याभोवती गोलाकार मांडून आले. त्या दिवशी अमावास्या होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी सातच्या आत अख्ख्या टॉवरमध्ये बातमी पसरली की कोणीतरी बागेत करणी केली आहे. माळी फाटकाच्या आत पाऊल टाकेना. सहाव्या मजल्यावरच्या मावशींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "कोणाचा तरी डोळा आहे आपल्या बिल्डिंगवर," त्या म्हणाल्या, आणि मी मान डोलावली. पण कांबळे साहेबांना खोटं सांगवेना. त्यांनी लिंबाच्या फोडी एकेक करून पिशवीत भरल्या, माझी कबुली ऐकून घेतली आणि म्हणाले, "मॅडम, मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. आज तुमच्यामुळे तीन जणांनी माझ्यासमोर मीठ-मिरची ओवाळली."

बॉबिनने त्यातल्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. त्याला आवडल्या.

आता मात्र मी शास्त्रीय पद्धत धरली. शिक्षा नको, बक्षीस द्या, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. वर्गात मी पेढ्यावर मुलांना पाढे शिकवले आहेत, तेव्हा हे मला पटलं. बॉबिनचा जीव सुक्या बोंबलावर. मी बोंबील भाजून त्याचे तुकडे डबीत भरले. तो तळ्यात गेला की काठावरून हाक मारायची, "बॉबिन, बाहेर." आला की एक तुकडा.

काय सांगू, जादू झाली. पहिल्या दिवशी चार हाका माराव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी एका हाकेत बाहेर. पाचव्या दिवशी मी नुसती डबी वाजवली तरी बाहेर. मी एक वही केली. रोजची तारीख घालायची आणि समोर लिहायचं, 'सांगितल्यावर तळ्याबाहेर आला: सात वेळा.' मग अकरा वेळा. मग चौदा. आठव्या दिवशी एकोणीस वेळा. त्या पानावर मी स्वतःच लाल पेनाने 'शाब्बास' लिहिलं.

रात्रीच्या जेवणाला मी ती वही सुहासपुढे ठेवली. सुहास फार बोलत नाही. त्याने सगळी पानं वाचली, आमटी ओरपली आणि म्हणाला, "एकोणीस वेळा बाहेर आला."

"हो ना. एका हाकेत."

"म्हणजे आत किती वेळा गेला?"

मी वही पुन्हा उघडली. ते मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. अण्णांनी भाताचा घास तोंडात घातला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

म्हणजे आठ दिवस मी त्या कुत्र्याला तळ्यात उडी मारायला शिकवत होते, आणि विद्यार्थी हुशार होता.

दुसऱ्या दिवसापासून मी बोंबील बंद केला. बॉबिन तळ्यात गेला, बाहेर आला, माझ्यासमोर बसला. काही नाही. त्याला वाटलं असावं, आपलं काही चुकलं. तो पुन्हा गेला, या वेळी जास्त मन लावून. तरी काही नाही. तिसऱ्या खेपेला त्याने येताना कमळाचं एक पान आणलं. चौथ्या खेपेला कळी. मी "नाही नाही" म्हणत दोन्ही हात हलवले, ते त्याला काय वाटलं कोण जाणे, तो आणखी एक घेऊन आला. दोन ओल्या कळ्या माझ्या चपलांपाशी ठेवून तो शेपूट हलवत बसला. सहातल्या चार उरल्या होत्या, आणि पौर्णिमेला पाच दिवस.

बॉबिनला घरी सोडलं आणि त्या दोन कळ्या घेऊन मी कांबळे साहेबांच्या दारात उभी राहिले. या वेळी ताटली माझ्या हातात होती. वहिनींनी आत बोलावलं, चहा ठेवला. भिंतीशी छोटी बुद्धमूर्ती, समोर रिकामी पितळी वाटी.

साहेबांनी कळ्या उचलून पाण्यात ठेवल्या. मग म्हणाले, "चाळीत होतो तेव्हा आई पौर्णिमेला पहाटे दादरच्या फुलबाजारात जायची. एकच कमळ आणायची. मला हातात धरायला द्यायची नाही, मोडेल म्हणून. ती असेपर्यंत आमच्या घरात एकाच्या वर कमळ कधी आलं नाही. म्हणून मला वाटत होतं, एकदा सात ठेवावीत."

"साहेब, बॉबिनला बंदी करा," मी म्हटलं. "चूक आमचीच आहे. अण्णांना मी समजावते." हे म्हणताना अण्णा पुन्हा त्या खुर्चीत बसलेले मला दिसत होते, आणि माझा चहा तसाच राहिला.

"उद्या मिटिंग आहे," ते म्हणाले. "तुम्ही वही ठेवता असं ऐकलं. ती घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी वही त्यांच्यासमोर ठेवली, ते 'शाब्बास'वालं पान शक्य तितकं झाकून. कांबळे साहेबांनी चष्मा लावला. तीस वर्षं फायली तपासलेला माणूस. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"मॅडम, या सगळ्या नोंदी संध्याकाळच्या आहेत."

"हो. संध्याकाळी मी नेते."

"आणि सकाळी?"

"सकाळी अण्णा नेतात."

"मी रोज सकाळी तळ्यावर असतो," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "अण्णांबरोबर हा कुत्रा एकदाही तळ्यात गेलेला मी पाहिला नाही." मग त्यांनी मागे पाहिलं. "अण्णा, तुम्ही त्याला काय शिकवलंत?"

अण्णा काठीवर भार देऊन उठले. "मी खय काय शिकवलंय? मी तेका त्या बाजूक नेतच नाय. पट्टो हातात धरतंय आणि जांभळीच्या बाजून फिरतंय. तिकडे सावली पण आसा."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. खोकला दोन ओळींत पसरला.

"अण्णा," मी म्हटलं, "मग मला आधी सांगायचं नाही का?"

"तू माका इचारलंस खय?" अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही कुत्सितपणा नव्हता. "तू शिकवत होतंस. शिकवताना मधी बोलूचा नाय, असा तूच सांगतंस ना पोरांक."

मी वही उचलून बाहेर पडले, आणि पुढचं सगळं माझ्यामागे पाच मिनिटांत उरकलं. पौर्णिमेच्या सकाळी चारही कमळं उमलली. वहिनींनी वाटीभर खीर पाठवली, आणि वाटीखाली घडी करून मिटिंगच्या इतिवृत्ताची प्रत. कांबळे साहेबांचं अक्षर मोत्यासारखं आहे, त्यामुळे काही वाचता आलं नाही असंही मला म्हणता येईना. ठराव असा होता: 'श्री. अण्णा यांच्यासोबत बॉबिन या कुत्र्यास बागेत येण्यास कायमची परवानगी देण्यात येत आहे. मात्र, सदर कुत्रा बागेत असताना नीता मॅडम यांनी बागेत येऊ नये.'

सूचक, वामन कांबळे. ठराव एकमताने मंजूर. आणि अनुमोदक म्हणून ज्यांची सही होती, ते सुहास नावाचे गृहस्थ माझ्यासमोर बसून माझ्या वाटणीची खीर संपवत होते.