आठ दिवसांनी येणारी थंडी

आमच्या आबांचा रेडिओवरच्या हवामानावर काडीचा विश्वास नव्हता. 'कोकणात हवामान कोरडे राहील' असं रेडिओने म्हटलं की ते खळ्यात वाळत घातलेली सुपारी आत घ्यायला सांगत. त्यांचा अंदाज वेगळाच होता आणि त्यात त्यांनी मला कामाला लावलेलं होतं. मी कुवेतला, हवल्लीत पाचजणांच्या खोलीत राहायचो, एसी दुरुस्तीच्या कामावर. बहीण घाटावर दिलेली. आबा स्वतः समुद्राकाठी, हापूसच्या कलमांत. थंडी आधी वाळवंटात पडते, तिथून घाटावर येते आणि आठ दिवसांनी आमच्या किनाऱ्याला उतरते, असं त्यांचं गणित. थंडी पडली तर मोहोर, आणि मोहोर आला तर आमचं वर्ष धड. त्यामुळे हिवाळ्यात दर शुक्रवारी मी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"काय रे, थंडी इली काय थंय?"

"इली. सकाळी गाडीची काच पुसूक लागता."

"वारो खयसून?"

"उत्तरेसून."

"मगे आठ दिसांनी हय येतली."

झालं, फोन आईच्या हातात. तू जेवतोस का, झोपतोस का, मुदीर, म्हणजे तिथला साहेब, नीट वागवतो का, यातलं काही नाही. मला राग यायचा. पंच्याण्णवच्या सुमाराला आमच्या घरी फोन नव्हता. आबा शेजाऱ्यांच्या पडवीत जाऊन बसायचे, आणि ते परत निघाले की अर्धी वाडी विचारायची, "कुवेत काय म्हणता?" ती चौकशी माझ्या खुशालीची नसे, थंडीची असे. गणित चुकलं तर खापर घाटावर फुटायचं. "तुझ्या घोवान अडवल्यान," असं ते बहिणीला फोनवर सुनवायचे. बिचारा भावोजी साखर कारखान्यात कामाला, त्याचा थंडीशी काय संबंध!

राग यायचा, पण गुरुवारी संध्याकाळी मी मुद्दाम गच्चीवर जाऊन वाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचो. वाळवंटाच्या कडेला काम निघालं तर तिथल्या चौकीदाराला विचारायचो, रात्री किती घोंगड्या घेतोस? खोलीतले हसायचे. त्यांतले एक चाचा आमच्या खाडीपलीकडच्या गावचे, वयाने मोठे, एका बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, कामाला. तेवढे हसत नसत. त्यांचीही कलमं होती.

पुढे धाकट्या भावाने मोबाईल घेतला आणि आबांची पडवीतली बैठक मोडली. आता फोन कुठेही लागायचा. ही मोठी सोय झाली असं मला वाटलं होतं.

मी रजेवर नेहमी थंडीतच जायचो. मे महिन्यात एसीवाल्याने रजा मागणं म्हणजे आचाऱ्याने लग्नाच्या दिवशी रजा मागणं. थंडीत मात्र निम्मं वर्कशॉप गावी गेलेलं असे. त्या वर्षी आबाच म्हणाले, "औंदा येव नको. पुढच्या वर्साक भावाचा लगीन करूया, तेव्हा दोन म्हयने ऱ्हव." मला ते पटलं. दोन रजा एकत्र करायच्या म्हणून मी थांबलो.

डिसेंबर गेला, जानेवारी लागला. आबांचा आवाज बारीक झाला होता. सर्दी झालीय म्हणाले. आई दर वेळी नेमकी शेजारी गेलेली असायची. पण हवामान चोख सांगत होते. "पहाटे बरी थंडी आसा. वरच्या बागेक मोहोर झकास इलो. खालची कलमां मागे आसत." मी पण इकडचं सांगितलं. कधी नव्हे ते त्यांनी विचारलं, "तू जेवतंस मां रे?" मी म्हटलं जेवतंय, आणि त्या एका वाक्यावर आठवडाभर खूश राहिलो.

पुढच्या शुक्रवारीही तेच: थंडी बरी, मोहोर टिकून, आभाळ निरभ्र. फोन ठेवून मी चहा टाकला. तेवढ्यात चाचा त्यांच्या घरचा फोन आटपून आत आले आणि खाटेवर बसले.

"मेलंव रे," ते म्हणाले. "दोन दिवस पाऊस पडलो. मोहोर सगळो काळो पडलो."

"खय?"

"खय म्हणजे? गावाक. तुमच्याकडे पण."

मी आधी हसलो. खाडी ओलांडली की पाऊस वेगळा होतो का? मग हसू थांबलं. आबा हिशेबात चुकतील, तिथी विसरतील, पण आभाळाबद्दल खोटं बोलणार नाहीत. दोन दिवस पाऊस पडतोय आणि आबांना माहीत नाही, म्हणजे आबा तिथे नाहीत. चहा उतू गेला, चाचांनी गॅस बंद केला.

मी भावाला फोन लावला. "आबा खय आसत?"

तो म्हणाला, "मुंबैक. हॉस्पिटलात. दिवाळीपासून." पोटात गाठ होती आणि आता ती सगळीकडे पसरली होती. आई घरून भावाला हवा सांगायची, भाऊ आबांना, आणि ते खाटेवर पडून मला. मला कळू द्यायचं नाही ही शपथ आबांनी सगळ्यांना घातली होती. आणि वर भाऊ म्हणाला, "दादा, पावसाचा तेंका बोला नको हां. मी सांगूक नाय. मोहोर गेलो ह्या तेंका सोसवाचा नाय."

परदेशातल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, तो तिथे एकटा काय करणार, ही आमच्याकडची रीत. आमच्या खोलीतल्या सगळ्यांच्या घरी ती पाळली जायची. त्या दिवशी मला तिची चीड आली. मी खाटेवर बसून सगळ्यांना शिव्या दिल्या, आबांनाही.

थंडीच्या दिवसांत एसीवाल्याला कोण अडवतो? मुदीरने एका शब्दात सोडलं, पासपोर्टही हातात दिला. आबांना जिवंत बघायचं, एवढंच डोक्यात होतं. विमान सकाळचं होतं, आणि सकाळी विमानतळावर धुकं. समोरची विमानं दिसेनात. तिथल्या टीव्हीवर एक बाई अरबीतून हवामान सांगत होती. नकाशावर तिने किनाऱ्यावर धुकं दाखवलं, इराणच्या डोंगरांवर बर्फ, वाळवंटात कडाक्याची थंडी. मी काचेपाशी उभा राहून बाहेरच्या पांढऱ्यावर रागावत होतो. धुक्यावर रागावून काय होणार! विमान उडालं तेव्हा दुपार टळली होती.

मुंबईला उतरून फोन केला तर भाऊ म्हणाला, "दादा, हॉस्पिटलात जाव नको. सरळ गावाक ये." पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

भाड्याची गाडी केली. घाट उतरताना काच वर घ्यावी लागली, एवढा गारठा. पावसानंतर थंडी पडली होती, उशिरा, पण खरी. सकाळी वाडीत पोचलो तर माणसं रात्रीपासून खळ्यात बसून होती, मफलर गुंडाळून. एक म्हातारे उठून माझ्याजवळ आले.

"हवा गार आसा म्हणान ठेवलां," ते म्हणाले. "नायतर तुका तोंड बघूक गावला नसता."

मी तोंड बघितलं. गाल आत गेले होते, दाढी कोणीतरी नीट केली होती. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग थोरला म्हणून विस्तवाचं मडकं माझ्या हातात दिलं. ते धरून मी पुढे चालू लागलो. विमानतळापासून इथवर मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं, कारण गारठलेले हात त्या मडक्यावर शेकत होते आणि मला ते बरं वाटत होतं.