कोपऱ्यातला माड आणि माझा निबंध

लग्न झालं तेव्हा माझी पदवी एका विषयापुरती राहिली होती: निबंधलेखन. बावीस वर्षं ती राहिलेलीच राहिली. मुलगी कॉलेजात जायला लागली आणि मलाही खुमखुमी आली. दिवेआगरच्या आमच्या वाडीत बसून मोबाइलवर तो विषय पूर्ण करता येतो असं कळलं, तशी मी नाव घालून मोकळी झाले. चार घरी सांगूनही टाकलं, म्हणजे माघार घ्यायची सोय उरली नाही.

पहिला निबंध होता 'माझ्या परिसरातलं एक काम'. मी वाडीतल्या नारळ पाडणीवर लिहिला. आम्ही पर्यटकांना खोल्या देतो, त्यांची जाहिरात मीच लिहिते, त्यामुळे हात बसलेला. 'निसर्गाच्या कुशीत', 'डौलदार माड', 'सरसर चढणारा कष्टाळू कोकणी माणूस', काही म्हणून सोडलं नाही. शेवटी गंमत म्हणून, पाडणीला येणारे आमचे काका कोपऱ्यातला माड दरवेळी आळसाने टाळतात, हेही लिहिलं. आठ दिवसांनी शिकवणाऱ्या बाईंचा शेरा आला: 'खोली छान दिसतेय, पण मला काम बघायचं होतं. पुन्हा लिहा. ज्यांचं काम आहे त्यांना वाचून दाखवा.' पुढचाही खर्डा नापसंत झाला तर मी नापास. मला रागच आला. बाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील.

पुढच्या पाडणीला काका आले. साठी ओलांडलेले, सासऱ्यांच्या वेळेपासून वाडीत येणारे. पडवीत चहा दिला आणि निबंध वाचला. त्यांनी तो सत्यनारायणाची पोथी ऐकावी तसा डोळे मिटून ऐकला.

"सरसर कोन चढतो वहिनी? मी आधी कोयत्याच्या पाठीनं खोड वाजवून बगतो. आत भरीव हाय का पोकळ, ते कळतं. कोयता मारायचा आन् आपला श्वास धरायचा."

"आणि कोपऱ्यातला?"

"तो वादळापासनं पोकळ हाय. तुमच्या मालकांना बोललो व्हतो. ते हसले, बोलले, चढायचा कंटाळा."

आळसाचा तो विनोद मी काकांना वाढतानाही केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात त्याच माडाला आम्ही पाहुण्यांसाठी झोका बांधलेला. तो दोनदा सुटलेला सापडला म्हणून पाहुण्यांच्या पोरांना मी शिव्या घातल्या होत्या. काका खाली बघत म्हणाले, "तो मीच सोडला व्हता."

मी उठले, आधी झोका सोडून आणला आणि मग वही घेऊन बसले. ते सांगत गेले, मी खोडत गेले. डौलदार माड गेले, निसर्गाची कुशी गेली. आठवडाभर लिहून काढलं आणि इतकी मजा आली की दोनदा भात करपला.

मोबाइलवरच्या वर्गात वाचून दाखवायच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसले. माझं वाचून झालं. बाईंनी विचारलं, "श्वास धरण्याचं ते वाक्य कुणाचं?"

आता नापास होणार, असं वाटलं. तरी मोबाइल काकांकडे वळवला. "यांचं."

"लिवलंय वहिनींनीच," काका म्हणाले. "मी निस्तं खोटं काडायला लावलं."

"मीही तेच शिकवते," बाई हसल्या. "पास आहात तुम्ही."

मी टाळ्या पिटल्या, रडलेसुद्धा. मागे दारात आमचे हे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कोयता घेऊन ते कोपऱ्यात गेले आणि माडाचं खोड दोन-तीनदा वाजवून पाहिलं. परत येऊन काकांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "काका, चूक माझी."

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पदवीपेक्षा मला त्याचाच आनंद जास्त झाला.